‘बोलेल हो, घाई काय?’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घरातील एका मुंजीच्या निमित्ताने सारे कुटुंब एकत्र आले होते. पुतण्याचा मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. मांडवात भिक्षावळीची गडबड चालली होती, बरोबरीची मुले पळापळ करीत होती, आणि हा मात्र एका कोपऱ्यात बसून स्टीलच्या वाटीला गिरकी देत होता. वाटी थांबली की पुन्हा गिरकी. आईने चार वेळा नावाने हाक मारली, पण त्याने मान वर केली नाही. सनईचा सूर लागताच मात्र दोन्ही हात कानांवर ठेवून तो किंचाळला. पंगती उठल्यावर सूनबाई माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, हा अजून काहीच बोलत नाही. वर्षाचा असताना ‘आई’, ‘पापा’ म्हणायचा, आता तेही थांबलंय. कुणाला दाखवावं का?”

मी म्हणालो, “बोलेल गं. याचा बाप तरी कुठे तीन वर्षांपर्यंत बोलत होता? मुलगे उशिराच बोलतात. घाई कशाला?”

आजूबाजूच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. ज्येष्ठांच्या शब्दाला आपल्या घरांत अजून मान आहे. त्या मानाची किंमत त्या बालकाने सोळा महिन्यांनी चुकविली. शेवटी बालवाडीच्या शिक्षिकेने आग्रह धरला तेव्हा तपासणी झाली, आणि निदान आले ‘ऑटिझम’, अर्थात स्वमग्नता. अहवाल वाचून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, “पहिली शंका केव्हा आली होती?” सूनबाईने उत्तर दिले, पण माझे नाव घेतले नाही. तिच्या त्या सौजन्याचे ऋण म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

धीर देणारे वाक्य आणि वाया जाणारा काळ

‘बोलेल हो’ या दोन शब्दांमागे वाईट हेतू कधीच नसतो. त्यात माया असते, अनुभव असतो आणि थोडी भीतीही असते. उशिरा बोलणारी अनेक मुले पुढे इतरांच्या बरोबरीने बोलू लागतात, हेही खरे. प्रश्न इतकाच की, आपल्या समोरचे मूल त्यांपैकी आहे की नाही, हे मांडवात बसून ओळखता येत नाही. ते ओळखण्यासाठीच तपासणी असते. मूल तपासून ‘काळजीचे कारण नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर दोन दिवस आणि काही पैसे गेले, एवढेच नुकसान. तपासणी टाळली आणि शंका खरी निघाली, तर जाते ते वय परत आणता येत नाही. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण ज्या वेगाने होते, तो वेग पुढे राहत नाही. म्हणूनच भाषा, खेळ आणि परस्परसंवाद यांसाठी द्यावयाची मदत जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी, यावर जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत आहे.

हा विषय चार-दोन घरांपुरता मर्यादित आहे, असेही समजण्याचे कारण नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी करण्यात आली होती. दृष्टी, श्रवण, वाचा, अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता अशा नऊ विकासविषयक अडचणींपैकी किमान एक अडचण ६ वर्षांखालील मुलांत ९.२ टक्के, तर त्यावरील वयोगटात १३.६ टक्के आढळली. म्हणजे प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असतेच. आपण ते पाहतो की ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘लाडावलेला’ असे शिक्के मारून पुढे जातो, हा प्रश्न आहे.

मग शंका केव्हा घ्यावी? यासाठी पदवीची गरज नाही. बारा महिन्यांचे मूल नावाने हाक मारल्यावर सातत्याने वळून पाहत नसेल. दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून ‘ते बघ’ अशा अर्थाने आपले लक्ष वेधत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत स्वतः जुळविलेले दोन शब्दांचे वाक्य येत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. आणि आलेले शब्द, आलेले हसणे, आलेला संवाद कोणत्याही वयात नाहीसा होऊ लागला, तर एक दिवसही थांबू नये. सूनबाईने मला नेमके हेच सांगितले होते. मी ते ऐकले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही.

मुलींच्या बाबतीत तर अधिक सावध राहावयास हवे. ऑटिझमचे निदान मुलग्यांत मुलींच्या तिप्पट-चौपट होते. परंतु शांत बसणारी, इतरांचे अनुकरण करून वेळ निभावून नेणारी मुलगी ‘गुणी’ ठरते आणि नजरेतून निसटते.

चाळणी वेगळी, निदान वेगळे

पालकांचा पहिला गोंधळ येथे होतो. विकासविषयक तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा चाळणीचा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट-आर’ नावाची वीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपण दूरच्या वस्तूकडे बोट दाखविले तर मूल तिकडे पाहते का, खोटेखोटे खेळते का, इतर मुलांत रस घेते का, असे साधे हो-नाही प्रश्न त्यात असतात. पाच-दहा मिनिटांचे काम. १८ आणि २४ महिन्यांच्या लसीकरणाच्या किंवा नेहमीच्या भेटीत पालकांनी स्वतःहून ‘ही चाळणी करून घ्या’ असे सांगावे. चाळणीत गुण जास्त आले म्हणजे मुलाला ऑटिझम आहेच, असे नव्हे. पुढे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचप्रमाणे चाळणीतून मूल ‘पार’ झाले तरी आईची शंका कायम असेल, तर त्या शंकेला प्रश्नावलीपेक्षा अधिक वजन द्यावे.

सरकारी व्यवस्थेतही ही सोय आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलांची तपासणी करावी, जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब शोधावा, आणि गरज असल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. उलट आपल्या मनातील शंका त्यांना स्पष्ट सांगावी.

प्रत्यक्ष मूल्यमापनात काय घडते?

दुसरा टप्पा सविस्तर मूल्यमापनाचा. हा शब्द ऐकताच पालकांच्या डोळ्यांसमोर यंत्रे, सुया आणि रुग्णालयाचा वास येतो. प्रत्यक्षात असे मूल्यमापन पुष्कळसे खेळाच्या खोलीतच होते. विकासविषयक बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ असे पथक असेल तर उत्तम. सर्वत्र ते मिळेलच असे नाही. एका बैठकीत काम संपत नाही. दोन-तीन भेटी गृहीत धराव्यात, आणि मूल झोपेला आलेले किंवा भुकेले असताना नेऊ नये.

सर्वप्रथम श्रवणाची तपासणी व्हावी. हाकेला न वळणारे मूल ऐकतच नसेल, ही शक्यता आधी दूर केली पाहिजे. ‘दरवाजा वाजला की वळतो, म्हणजे ऐकू येते’ हा घरगुती पुरावा पुरेसा नाही. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला छोटे संवेदक लावून केली जाणारी ‘बेरा’ ही तपासणी पूर्णपणे वेदनारहित असते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण या क्षेत्रात काम करीत आहे.

त्यानंतर येतो इतिहास. गर्भारपण कसे गेले, मूल वेळेवर जन्मले का, जन्मतः रडले का, कावीळ वा झटके आले होते का, मान केव्हा धरली, केव्हा बसले, पहिला शब्द कोणता, कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास होता का. येथे पालकांनी तयारीने जावे. जन्माची कागदपत्रे आणि लसीकरणाचे पत्रक सोबत असावे. मोबाईलवर टिपलेली मुलाची चित्रफीत विशेष उपयोगी पडते: वाढदिवसाची, जेवतानाची, एकटे खेळतानाची. अनोळखी खोलीत मूल जे दाखवीत नाही, ते त्या दोन मिनिटांत दिसते. आजी किंवा सांभाळणाऱ्या बाई दिवसभर मुलाजवळ असतील, तर त्यांनाही न्यावे. आणि लपवू नये! सोयरिकीच्या भीतीने आत्याचा अपस्मार किंवा काकांची मतिमंदता डॉक्टरांपासून दडविणारी कुटुंबे कमी नाहीत.

मग तज्ज्ञ मुलासोबत जमिनीवर बसतात. ठोकळे, चेंडू, बाहुली, साबणाचे फुगे. पाहणाऱ्याला वाटते, ‘हे तर नुसते खेळत आहेत, यासाठी एवढे पैसे?’ पण फुगा फुटल्यावर मूल आनंदाने आईकडे पाहते का, आणखी हवे असेल तर तज्ज्ञाचा हात धरून ओढते की डोळ्यांत पाहून मागते, गाडी चालविते की उलटी करून नुसती चाकेच फिरविते, या प्रत्येक गोष्टीची नोंद होत असते. त्या वेळी ‘अरे, घरी तर करतोस ना, दाखव काकांना!’ असे म्हणून पालकांनी मध्ये पडू नये. मुलाला परीक्षेत पास करण्यासाठी आपण गेलेलो नसतो. मूल जसे आहे तसे दिसले, तरच त्याला हवी ती मदत ठरविता येते.

विकासाचे वय मोजण्याच्या चाचण्या परदेशी असतात, म्हणून आपल्या मुलांना लागू नाहीत, असा आक्षेप काही सुशिक्षित घरांतून ऐकू येतो. वस्तुतः या क्षेत्रात आपल्या माणसांनी मोलाचे काम करून ठेवले आहे. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या भारतीय बालकांसाठी वापरली जाणारी ‘डीएएसआयआय’ ही मापनपद्धती डॉ. प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातील दीर्घ अभ्यासातून सिद्ध झाली. हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी तीत तपासल्या जातात. त्याही आधी, स्वातंत्र्यपूर्व काळात, व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. ‘बिने-कामत’ हे नाव आजही आपल्याकडील अहवालांत आढळते. ऑटिझमसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ‘आयएसएए’ ही भारतीय मापनश्रेणी आहे. सहा विभागांत ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण गुण ७० च्या खाली असतील तर ऑटिझम नाही, आणि त्यापुढे सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या.

रक्त तपासून किंवा मेंदूचे छायाचित्र काढून ऑटिझमचे निदान होत नाही, हेही लक्षात ठेवावे. झटक्यांची शंका असेल तर मेंदूचा आलेख, काही विशिष्ट लक्षणे असतील तर जनुकीय तपासणी, असे कारणपरत्वे सांगितले जाते. कारण न सांगता तपासण्यांची लांबलचक यादी हातात पडली, तर ‘यातून काय कळणार आणि त्यामुळे उपचारात काय बदल होणार?’ असे नम्रपणे पण ठामपणे विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांच्या जिव्हाळ्याची आहे. मूल्यमापन मुलाच्या घरच्या भाषेत व्हावे, असा आग्रह धरावा. मराठीत वाढलेल्या मुलाला इंग्रजीत ‘चेंडू दाखव’ म्हणून विचारले आणि त्याने दाखविला नाही, तर दोष मुलाचा कसा? त्याच जोडीला अनेक पालकांना सल्ला मिळतो की, मुलाचा गोंधळ होतो, घरात मराठी बंद करा आणि फक्त इंग्रजीत बोला. दोन भाषा कानी पडल्याने ऑटिझम होत नाही, आणि ऑटिझम असलेल्या मुलाच्या भाषाविकासाला त्यामुळे बाधा येते, असेही आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. आधीच संवादाची वाट अवघड असलेल्या मुलापासून आजीची भाषा तोडणे म्हणजे त्याच्या जगातील एक माणूस कमी करणे होय.

अहवाल कसा वाचावा?

मूल्यमापनाच्या अखेरीस लेखी अहवाल मिळाला पाहिजे, आणि तो समजावून सांगण्यासाठी वेळही मिळाला पाहिजे. तो पालकांचा हक्क आहे. निदान ऑटिझमचेच येईल असे नाही. श्रवणदोष, केवळ भाषेतील विलंब, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता असेही निष्कर्ष निघू शकतात. काही वेळा एकापेक्षा अधिक गोष्टी एकत्र असतात. फार लहान मुलाबाबत तज्ज्ञ ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे म्हणतात. ती टाळाटाळ नसून प्रामाणिकपणा असतो. मात्र तेवढे महिने हातावर हात ठेवून बसायचे नसते. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार निदानाच्या शिक्क्याशिवायही सुरू करता येतात. हल्ली समाजमाध्यमांवर ‘आभासी ऑटिझम’ असा एक शब्द फिरतो आणि पडदा बंद केला की सारे बरे होते, असे सांगितले जाते. लहान मुलांसमोरचा पडदा जरूर बंद करावा, परंतु हे वैद्यकशास्त्रातील मान्य निदान नाही, आणि त्या आशेवर तपासणी लांबविणे योग्य नाही.

२०१३ पासून ‘अॅस्पर्गर’ वगैरे पूर्वीचे वेगवेगळे प्रकार एकाच वर्णपटात धरले जातात. म्हणून अहवालात पाहायचे ते नावापेक्षा त्यापुढचे परिच्छेद. मुलाला कोठे आणि किती आधार लागेल? त्याची बलस्थाने कोणती? पुढील तीन महिन्यांत घरी कोणत्या दोन-तीन गोष्टींवर भर द्यायचा? पुन्हा केव्हा भेटायचे? ही उत्तरे नसतील तर अहवाल अपुरा आहे, असे समजावे. बुद्ध्यंकाचा आकडा दिसला की घरातील सर्वांची नजर तेथेच खिळते. परंतु न बोलणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचा तो आकडा त्या दिवसापुरता असतो. वाढत्या वयात तो बदलू शकतो. ‘हा कधी बोलेल? शाळेत जाईल का? याचे लग्न होईल का?’ या प्रश्नांची उत्तरे कोणताही प्रामाणिक तज्ज्ञ पहिल्या भेटीत देणार नाही. जो देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

दोषी शोधण्याची सवय

अहवाल घरी आला की आपल्याकडे एक अदृश्य न्यायालय भरते. आरोपी ठरलेली असते: आई. नोकरी करते म्हणून, मोबाईल दिला म्हणून, डोहाळ्यांत चिडचिड करीत होती म्हणून. हे पाप केवळ आपलेच नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या अभ्यासातून ऑटिझमचे वर्णन केले. त्यानंतर दोन-अडीच दशके पाश्चात्त्य विद्वानांनी आईच्या थंडपणाला दोषी धरले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली तर त्यावर ग्रंथ लिहिला. तत्पूर्वी १९६४ सालीच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ऑटिझमचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे असे मांडले होते, आणि पुढे विज्ञानाने त्याचीच बाजू खरी ठरविली. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. संगोपनातील चुकीमुळे तो होत नाही. लसीमुळेही होत नाही. १९९८ साली बारा मुलांच्या आधारे तसा संशय निर्माण करणारा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. जगाने जी चूक सोडून दिली, ती आपण आपल्या स्वयंपाकघरात का जपावी?

दुसरे संकट बाजाराचे. हताश पालक हे सर्वांत सोपे गिऱ्हाईक. ‘शंभर टक्के बरा करतो’ अशी हमी, महागड्या भुकट्या, मूलपेशींचे लाखो रुपयांचे उपचार. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑटिझमवर मूलपेशी-उपचारांची शिफारस नाही, असे स्पष्ट केले आहे. शेतीचा तुकडा किंवा स्त्रीधन विकण्यापूर्वी एवढे वाक्य लक्षात ठेवावे. नवस बोलायचा असेल तर बोलावा, कुलदैवताला जाऊन यावे. मनाला बळ मिळते. मात्र परतताना तज्ज्ञांची भेटीची तारीखही घेऊन यावी.

कायद्याने दिलेलेही घ्यावे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याला प्रथम स्थान दिले, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याचा समावेश केला. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. ‘कागदावर डाग कशाला?’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारी घरे मुलाच्या हक्काचाच त्याग करतात.

समाज म्हणून आपले काम

तज्ज्ञ मुंबई-पुण्यात आणि मूल गडचिरोलीत किंवा सावंतवाडीत, ही खरी अडचण आहे. जिल्ह्याची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे केवळ फलकापुरती राहता कामा नयेत. तेथे मानसशास्त्रज्ञ आहे का, वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतो, हे विचारणारे नागरिक प्रत्येक तालुक्यात हवेत. रस्ता आणि पाणी याविषयी आपण लोकप्रतिनिधींना जाब विचारतो. याविषयी का विचारू नये?

पण त्याहून जवळचे काम घरातले. एकत्र कुटुंबाचे गुणगान आपण नेहमीच करतो. त्याची कसोटी अशा वेळी लागते. तपासणीच्या दिवशी धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? आठवड्यातून तीन वेळा उपचारांना कोण नेणार? मूल लग्नात कान झाकून ओरडू लागले, तर त्याला शांत जागी घेऊन कोण बसणार? जेथे या प्रश्नांना काका, आत्या, आजोबा उत्तर देतात, तेथेच कुटुंब जिवंत आहे. नुसता धीर द्यायला चार माणसे जमणे याला कुटुंब म्हणत नाहीत.

आमचा नातू आता अकरा वर्षांचा आहे. तो मोजकेच बोलतो. चित्रांच्या पत्त्यांतून आपल्याला काय हवे ते सांगतो, स्वतः आंघोळ करतो, आणि मी गेलो की न सांगता माझा चष्मा शोधून हातात देतो. त्या सोळा महिन्यांनी नेमके किती हिरावले, हे कोणालाच सांगता येणार नाही. मीही आता तो हिशेब मांडत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सत्यनारायणाला एक तरुण आई भेटली. तिचा दीड वर्षाचा मुलगा पंख्याकडे एकटक पाहत होता. ती म्हणाली, “काका, हा हाकेला बघतच नाही. सासूबाई म्हणतात, बोलेल, घाई काय?”

मी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणालो, “उद्याच दाखवूया. सासूबाईंशी मी बोलतो.”